खारवलेली विहीर

फार पूर्वीची गोष्ट बरं का. खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं एक गाव होतं. गोड्या पाण्याची विहीर गावात एकच, तीही वाळूतली. पण पाणी असं, की शहाळ्याची आठवण यावी.

एका बादशहाला सगळा किनारा हवा होता. त्याचं आरमार एकेक बंदर घेत वर सरकत होतं. रोज कुठे तरी धूर दिसायचा, आणि रोज तो आणखी जवळ आलेला असायचा. बायका चुलीपाशी बसल्या तरी कान समुद्राकडे.

एका सकाळी जहाजं गावासमोरच येऊन उभी राहिली. सरदार किनाऱ्यावर उतरला आणि गोड बोलला, "घाबरू नका. आम्हाला खाडीपलीकडचं गाव घ्यायचंय. त्यांच्या विहिरी तटाच्या आत आहेत, म्हणून वेढ्यासाठी पाणी इथून नेऊ. उद्या पिंपं घेऊन येतो. तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही."

तो गेला आणि गावाच्या जिवात जीव आला. एक म्हातारी कोळीण मात्र मटकन खाली बसली. तिची लेक पलीकडच्याच गावात दिलेली, नुकतीच बाळंत झालेली.

"यांना पाणी मिळालं तर माझी लेक जगायची नाही रे," ती म्हणाली. "विहिरीत खारं पाणी ओता."

"वा गं आजे," एक जण म्हणाला, "लेक तुझी, आणि तहानेनं मरायचं आम्ही? त्या पलीकडच्यांनी आपल्या पाटलाची जाळी तोडली, तेव्हा कुठं होतीस?"

सगळे पाटलाकडे बघू लागले. तो विहिरीत डोकावला आणि मागे वळला.

"जाळी माझी तोडली, खरं आहे," तो म्हणाला. "ते भांडण मी भांडेन. पण म्हणून त्यांचे गळे कापणाऱ्याला मी पाणी पुरवू होय?"

त्याने समुद्रावरून घागर भरून आणली आणि विहिरीत उपडी केली. मग एकेक करत सगळेच लागले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरदाराने ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकून टाकली. रागाने किनाऱ्यावरच्या होड्या जाळल्या. पण पिंपं कोरडी, खलाशांच्या जिभा सुकलेल्या, त्यात वारा फिरायला आलेला. वेढा घालणार कशाच्या जोरावर? आरमार मागे वळलं.

आता गावाकडे ना होड्या, ना पाणी. माणसं म्हातारीला बघून तोंड फिरवू लागली. तेवढ्यात खाडीतून एक होडी आली, हंड्या-कळश्यांनी भरलेली. वल्ह्यावर लेकीची सासू.

"विहीर निवळेपर्यंत रोज आणीन," ती पाटलाला म्हणाली. "आता उभं राहून बघताय काय? कळश्या लवकर रिकाम्या करा, मला अजून खेपा घालायच्यात."

पाटील गुडघाभर पाण्यात शिरला. पहिली कळशी त्याने म्हातारीच्या हातात दिली.

तात्पर्य: शेजाऱ्याशी आपलं कितीही वाकडं असो, त्याच्या घरावर चालून जाणाऱ्याला आपल्या दारातलं पाणी देऊ नये. आज त्याची पाळी असेल, तर उद्या आपली येते. आणि त्या वेळी धावून यायला शेजारीच उरलेला नसतो.