राजाच्या पाठीवरचा ठिपका

पत्ते गोल होते आणि बोलतही होते, त्या काळातली गोष्ट. भिवा चितारी कागदाच्या चकत्यांवर लाख चढवून गंजिफाची पानं रंगवायचा. एकदा त्याच्या हातून तलवारींचा राजा असा काही उतरला, की भिवा स्वतःच बघत राहिला. राजाच्या डोक्यात हवा गेली ती तिथेच.

तो म्हणाला, "भिवा, पालथा पडलो की मी आणि ही दुर्री सारखेच दिसतो. माझ्या पाठीवर सोन्याचा ठिपका दे."

दुर्री बिचारी हलकं पान. ती भीतभीत म्हणाली, "महाराज, पाठ सगळ्यांची सारखी आहे, म्हणून तर तुमच्या तोंडाला किंमत आहे."

"तू गप बैस! तुझ्या अंगावर दोनच तलवारी, त्याही इवल्याशा."

भिवाला सगळं कळत होतं. पण आपल्याच कामाचा मोह. त्याने ठिपका दिला.

गिऱ्हाइकांनी पानं विकत नेली, आणि पहिल्याच डावात, राजा कोणाच्या हातात आहे ते समोरच्यांनी ओळखलं. "खुणेची पानं विकतोस?" म्हणत त्यांनी शहाण्णवच्या शहाण्णव पानं भिवाच्या तोंडावर फेकली. पुन्हा त्याच्या दारात गिऱ्हाईक आलं नाही.

पानं चुलीत गेली. लाखेचीच ती, भडकन पेटली. दुर्रीही त्यातच गेली. राजा तेवढा वाचला, कारण भिवाच्या बायकोच्या लोणच्याच्या बरणीवर तो झाकण म्हणून बरोबर बसला. तोंड खाली, खारात, ठिपका वर.

आता सगळं घर त्याला पाठीवरूनच ओळखतं.