पिराजीची रोज एक गोष्ट

माणदेशाकडच्या एका गावात पिराजी नावाचा एक भोळा सणगर राहायचा. तो घोंगड्या विणायचा. घोंगडी अशी विणायचा की पावसाचं पाणी आत यायचं नाही. डोक्याचंही तसंच होतं. पण एखादी गोष्ट आत गेलीच तर ती बाहेरही यायची नाही.

त्याचं नाव पिराजी का, तर त्याच्या आईनं गावच्या पीरसाहेबांना नवस केला होता. दर उरुसाला पिराजी दर्ग्यात नवी घोंगडी घेऊन जायचा, मलिदा खायचा आणि घरी यायचा. त्यापलीकडं त्याला काही ठाऊक नव्हतं.

एकदा गावातल्या मशिदीत सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावणं आलं. या, मशीद आतून बघा, काय विचारायचं ते विचारा, चहा घ्या. पिराजी पहिल्या रांगेत बसला. तालुक्याहून आलेल्या एका पाहुण्यानं त्याला नाव विचारलं. मग म्हणाला, "वा, पिराजी. म्हणजे पीरसाहेबांबद्दल तुम्हीच आम्हाला सांगा."

पिराजी म्हणाला, "मलिदा चांगला असतो."

सगळे हसले. पिराजीही हसला, पण घरी येताना त्याला फार वाईट वाटलं. ज्यांच्या नावानं जगलो त्यांचा धर्म काय, रीत काय, आपल्याला काहीच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तो समसूचाचांकडं गेला. समसूचाचा म्हणजे गावचे आतार. अत्तर, कुंकू, काजळ, बुक्का विकायचे. गावातलं सगळ्यात शांत माणूस. त्यांनी पिराजीचं म्हणणं ऐकून घेतलं.

"एकदम सगळं नको," चाचा म्हणाले. "रोज एक गोष्ट सांगीन. एकच. पण ती नीट ध्यानात ठेवायची आणि तशी वागायची."

"ठेवतो," पिराजी म्हणाला.

"मग पहिली गोष्ट. आम्ही भेटलो की सलाम करतो. अस्सलाम अलैकुम, म्हणजे तुमच्यावर शांती असो. समोरच्यानं जे दिलं त्याच्याहून थोडं जास्त परत द्यावं, असं कुराणात सांगितलंय. म्हणून जवाबात आम्ही म्हणतो, तुमच्यावरही शांती असो आणि अल्लाहची कृपाही असो."

"थोडं जास्त परत द्यायचं," पिराजी म्हणाला. गोष्ट त्यानं मुंडाशाच्या गाठीत बांधावी तशी घट्ट धरली आणि तो निघाला.

वाटेत पाटलांचा मळा लागला. पिराजीची शेळी आधीच तिथं पोचली होती आणि मेथीच्या वाफ्यात उभी होती. पाटील बांधावरून ओरडले, "गाढवा, शेळी आवर."

पिराजीनं शेळी आवरली. मग हात जोडून तो म्हणाला, "पाटील, तुम्हीही गाढव. आणि तुमच्या घरचेही सगळे."

पाटलांनी चाबूक घेऊन त्याला पार वेशीपर्यंत पोचवला.

दुसऱ्या दिवशी पिराजी पाठ चोळत चाचांकडं आला. "अरे बाबा," चाचा म्हणाले, "ते सलामाचं होतं, शिवीचं नव्हतं. कुणी रागावलं तर तिथं जवाब द्यायचा नसतो. आता रागाची गोष्ट ऐक. राग आला की उभ्या माणसानं खाली बसावं. तरी राग गेला नाही तर आडवं व्हावं. पैगंबरसाहेबांनी सांगितलंय."

"आधी बसायचं, मग आडवं व्हायचं," पिराजी म्हणाला. गोष्ट घट्ट धरली आणि निघाला.

तो रस्त्याच्या मधोमध, गोष्ट घोकत चालला होता. मागून एसटी आली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. मग खिडकीतून डोकं काढून तो भडकून बोलायला लागला. पिराजीनं विचार केला, राग आलेला आहे. कुणाला यावा लागतो हे चाचांनी सांगितलं नव्हतं. तो रस्त्यात खाली बसला.

ड्रायव्हरचा राग गेला नाही. उलट वाढला. मग पिराजी आडवा झाला.

अर्धा तास गाडी जागची हलली नाही. शेवटी कंडक्टर आणि चार उतारू खाली उतरले आणि त्यांनी त्याला उचलून कडेच्या निवडुंगात ठेवलं.

"अरे, राग ज्याला आला त्यानं बसायचं," दुसऱ्या दिवशी चाचा म्हणाले. जैतूनचाची, म्हणजे त्यांची बायको, चिमट्यानं पिराजीच्या पाठीतले काटे काढत होती. "आणि रस्त्यात कधी अडथळा होऊ नये. रस्त्यात काटा असो, धोंडा असो, लोकांना त्रास होईल ते बाजूला काढावं. तेसुद्धा आमच्यात श्रद्धेचं काम मानतात."

"रस्त्यात असेल ते बाजूला काढायचं," पिराजी म्हणाला. ही गोष्ट त्याला फार आवडली. यात मार खायला लागणार नव्हता.

कोष्ट्यांच्या गल्लीत त्या दिवशी बारसं होतं. गल्ली अरुंद, म्हणून मांडव रस्त्यातच घातला होता. पिराजी तिथं आला आणि थांबला. खांब रस्त्यात. दोऱ्या रस्त्यात. एका म्हातारीला वाकून जावं लागलं, तेही त्यानं पाहिलं. मग त्यानं बाह्या मागं सारल्या आणि चारही कोपऱ्यांच्या दोऱ्या सोडल्या.

मांडव बायकांवर पडला, घुगऱ्यांवर पडला, आत्याबाईंवर पडला. बाळ तेवढं पाळण्यात असल्यानं झोपून राहिलं. आत्याबाईंना बाहेर काढल्यावर त्यांनी हाताला लागलेला खांब सोडला नाही, आणि पिराजीला पुन्हा मार बसला.

चाचांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "पिराजी, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी विचारावं. दुसऱ्याच्या घरात जायच्या आधी तर विचारावंच. दारात उभं राहून सलाम करावा आणि येऊ का म्हणून विचारावं. तीनदा विचारावं. तीनदा विचारूनही कुणी ओ दिली नाही, तर मुकाट्यानं परत फिरावं. ही आमची फार जुनी रीत आहे."

"तीनदा विचारायचं, नाहीतर परत फिरायचं," पिराजी म्हणाला. गोष्ट घट्ट धरली.

तोवर रमजान संपत आला होता. महिनाभर चाचा-चाचींनी दिवसाचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, आणि उद्या ईद होती. जैतूनचाचीनं शिरखुर्म्यासाठी मोठ्ठं पातेलं भरून दूध चुलीवर ठेवलं होतं. उद्या गल्लीतली सगळी घरं, हिंदू काय आणि मुसलमान काय, तिच्याकडंच यायची होती. पिराजी ओट्यावर बसला होता. चाची घागर घेऊन बाहेर पडली आणि म्हणाली, "भाऊ, मी पाणी घेऊन येते. दूध वर यायला लागलं की खाली उतरव."

थोड्या वेळानं दूध वर आलं. पिराजीला दारातून दिसत होतं. तो उठला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "सलाम. येऊ का?"

घरात कुणी नव्हतं. दूध काठाला आलं.

"सलाम. येऊ का?"

दूध चुलीत पडायला लागलं. चुलीतून फसफस आवाज आला. पिराजीनं नीट कान दिला. पण तो होकार वाटत नव्हता.

"सलाम. येऊ का?" त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. मग मुकाट्यानं परत फिरला आणि घरी जाऊन झोपला.

ईदचा शिरखुर्मा त्या वर्षी सात घरच्या दुधाचा झाला. कुणी म्हशीचं दिलं, कुणी गाईचं, पाटलांकडूनही तांब्या आला. चाचीनं पिराजीला वाटी दिली, पण त्याच्याकडं बघितलं नाही.

ईदनंतर चाचांच्या नातीचा, तस्लीमचा निकाह होता. चाचांनी पिराजीला आदल्या दिवशीच बजावलं, "उद्या काही करायचं नाही. कशाला हात लावायचा नाही. फक्त बसायचं."

पिराजी फक्त बसला. काझींनी मुलीकडून होकार मागवला, मुलाला विचारलं, मुलगा कबूल म्हणाला. पिराजी बसलाच होता. सगळ्यांनी हात उचलून दुआ मागितली. कुठंच काही बिघडलं नाही. चाचांना इतकं हायसं वाटलं की ते पुढ्यातून जाताना पिराजीनं विचारलं तेव्हा त्यांनी बिर्याणीची परात हातात असतानाही उत्तर दिलं.

"चाचा, आत्ता काझी म्हणाले, नवरा बायकोला काय देतो?"

"मेहर," चाचा म्हणाले. मागं भांडी वाजत होती, पोरं ओरडत होती. "आमच्यात हुंडा नसतो सांगितलेला. मेहर असतो. तो बायकोचा हक्क आहे. नवऱ्यानं खुशीनं द्यावा. आणि एकदा दिला की परत मागू नये."

पिराजीला माहेर ऐकू आलं.

त्यानं हातातला घास ताटात परत ठेवला. लग्नाला बारा वर्षं झाली होती. येसू, त्याची बायको, दर पंचमीला माहेरी जायचं म्हणायची आणि दर पंचमीला तो म्हणायचा, घोंगड्या पडल्यात. बारा वर्षं तिचा हक्क त्यानं दाबून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो तिला म्हणाला, "येसू, चल, तुला माहेर देतो."

येसूनं कधी नव्हे ते नवं लुगडं काढलं. वाटभर ती गुणगुणत होती. तिच्या भावांच्या दारात पोचल्यावर पिराजीनं गाठोडं ओट्यावर ठेवलं.

"दिलं," तो भावांना म्हणाला. "खुशीनं दिलं. परत मागणार नाही."

आणि तो मागं न बघता निघाला, कारण मागं बघितलं असतं तर रडू दिसलं असतं.

आठ दिवस त्यानं करपलेल्या भाकरी खाल्ल्या. नवव्या दिवशी चाचा घोंगडी न्यायला आले आणि म्हणाले, "घर असं का रे दिसतंय? येसू कुठं आहे?"

पिराजीनं सांगितलं. चाचा तिथंच घोंगड्यांच्या ढिगावर बसले. "अरे बाबा, माहेर नव्हे. मेहर. म्हणजे जे बायको मागेल आणि नवरा कबूल करील ते देणं. असाच्या असा जा. तिला विचार, तुला काय हवं. ती जे म्हणेल ते दे."

"तेच द्यायचं?"

"तेच. त्यात आपलं डोकं चालवू नकोस."

पिराजी धावतच गेला. येसू अंगण शेणानं सारवत होती. आठ दिवस भावजयांचे टोमणे ऐकून ती तापली होती.

"येसू, तुला काय हवं? मागशील ते देतो."

येसूनं मानही वर केली नाही. "मला शहाणा नवरा पाहिजे. दुसरं काही नको."

मागणं अवघड होतं. पण हक्क तिचा होता. मान डोलवून तो परतला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत तो पुन्हा तिथं हजर झाला. बरोबर गावच्या शाळेचे जुने हेडमास्तर होते. साठी उलटलेले, बिनलग्नाचे, काखेत छत्री. एका घरी शहाण्या माणसाची नड आहे, एवढंच पिराजीनं त्यांना सांगितलं होतं, म्हणून ते अर्ज लिहायला कागद घेऊन आले होते.

पिराजीनं डोळे पुसले आणि मास्तरांना हलकेच पुढं ढकललं.

"येसू, गावात ह्यांच्याइतका शहाणा दुसरा नाही. चष्मा आहे, पेन्शन आहे. फक्त त्यांना भाकरी मऊ लागते, तेवढं सांभाळ."