माईंचा रंग

“मग आबा, यातला कुठला घेऊ?”

हेरंबनं मोबाइल पुढं धरला. दोन लॅपटॉप, दोन्ही त्याच्या खिशाला झेपणारे. एक चपळ, पण रंग फिके दाखवणारा. दुसरा रडतखडत चालणारा, पण स्क्रीन अशी की माणसाच्या कातडीचा रंग नेमका दिसावा.

आबा केळुसकर पडवीत रांगोळी चाळत बसले होते. रांगोळीतून माणसांचे हुबेहूब चेहरे काढण्यात त्यांची हयात गेली. हेरंब त्यांचा लाडका शिष्य. प्रदर्शनं गाजली, बक्षिसं आली, तशी पठ्ठ्याची मान जरा ताठच झाली. शेजारी लॅपटॉपवर फोटो उघडल्याशिवाय तो रांगोळीची चिमूट उचलत नसे.

दसऱ्याला आबांनी त्याच्याकडं एकच गोष्ट मागितली होती.

“माईची रांगोळी काढ. माझा हात थरथरतो आता. तिला एकदा बघू दे.”

आबांच्या बायकोनं, माईंनी, तेव्हा अंथरूण धरलं होतं. या पडवीतच त्यांची खाट होती. नेमक्या त्याच वेळी हेरंबच्या जुन्या लॅपटॉपवर रेघा उमटायला लागल्या.

“नवा घेतो, मग काढतो,” तो म्हणाला होता. “माईंचा रंग चुकायला नको.”

किमती उतरायची वाट बघता बघता दिवाळी गेली. पौषात माई गेल्या.

“वर्षश्राद्धाला तरी काढतो, आबा. म्हणून तर विचारतोय.”

आबांनी चाळणी खाली ठेवली.

“डोळे मीट.”

हेरंबनं मिटले.

“माईच्या गालाचा रंग सांग.”

“...गव्हाळ.”

“गव्हाळ निम्मं गाव आहे.”

हेरंब आठवत राहिला. इतकी वर्षं माईंनी त्याला गरम गरम घावणे वाढले होते. खाटेवरून त्या त्याच्याशी बोलत राहायच्या, आणि तो मान खाली घालून मोबाइलवर कुणाचा तरी फोटो मोठा करत बसायचा. आवाज आठवत होता. चेहरा काही केल्या येईना.

त्याला स्वतःची लाज वाटली. डोळे उघडले तेव्हा ते भरले होते.

“चुकलंच माझं, आबा... नकोच तो लॅपटॉप.”

आबांनी त्याच्या हातातला मोबाइल घेतला. दुसऱ्या लॅपटॉपच्या चित्रावर बोट ठेवलं.

“घे रे. चांगल्या स्क्रीनचाच घे. आता ती तेवढ्यातच दिसणार.”