समिंद्रा सोनझारीण आणि बेलझरीचं वळण

फार वर्षांपूर्वी, बेलझरी नदीवर अजून वाघ पाणी प्यायला येत होते, तेव्हाची ही गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका बाप्पा. आमच्या टोल्यात, या एवढ्याशा वस्तीत, जो तो आजीच्या आजीपर्यंत मागं जातो आणि तिथंच दमतो. तेव्हा इथं टोला नव्हता, धानाच्या बांध्या नव्हत्या, देऊळही नव्हतं. नदी होती, नदीकाठी रेती होती, आणि त्या रेतीत बारीक बारीक सोनं होतं.

सोनं म्हटल्याबरोबर कान कसे टवकारले बघा सगळ्यांचे! अरे, हंडाभर नव्हतं ते. दिवसभर कंबरभर पाण्यात उभं राहावं, लाकडी काठवट हलवून हलवून रेती धुवावी, आणि संध्याकाळी काठवटीच्या तळाशी चिमूटभर काळी रेती उरावी. त्या काळ्या रेतीत दोन-चार पिवळे कण दिसले, तर त्या दिवशी देव पावला म्हणायचं. डोंगरातलं सोनं पुराबरोबर खाली येतं. ते जड असतं, म्हणून नदी जिथं दमते तिथं ते बसतं. वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या गोट्याच्या आडोशाला, खडकाच्या भेगेत. हे काम करणाऱ्यांना सोनझारी म्हणत. पाठीवर बिऱ्हाड, डोक्यावर काठवट, आज या काठाला तर उद्या त्या काठाला. धुतलेलं सोनं ते मोरपिसाच्या पोकळ देठात भरत आणि मेण लावून बंद करत.

त्यांच्यातच होती समिंद्रा. अंगानं काटक, बोलायला तिखट. तिची दोन लेकरं वाटेवरच गेली होती. एक तापानं गेलं, ते एका गावच्या शिवेवर पुरलं. दुसरं पावसात गेलं, ते दुसऱ्याच गावच्या शिवेवर. नवराही पुढं त्याच वाटेनं गेला. इतर बाया देवाकडं सोनं मागत. समिंद्रा म्हणायची, "मले एक जागा दे. जिथं मेलेल्या माणसाजवळ दिवा लावाले परत येता येते, अशी एक जागा दे." बाकी काही नको होतं तिला, असं म्हणतात.

तिचा धाकटा दीर कारू हा त्या टोळीचा म्होरक्या. मनाचा चांगला होता, पण भोळा. टोळीनं वर्षानुवर्षं पोटाला चिमटा काढून मोरपिसं भरली होती. एके वर्षी कारू म्हणाला, "आता पुरे झाली वणवण. कुठंतरी नदीचा एक काठ विकत घेऊ. आपल्या हक्काचा घाट, आपल्या हक्काची रेती." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. समिंद्राच्या डोळ्यांत सगळ्यांत जास्त आलं.

बेलझरीचा हा काठ तेव्हा अंताजी मालगुजाराचा होता. अंताजी म्हणजे बोलायला गूळ. "या, बसा, पाणी प्या. माझ्या घाटावर सोन्याला तोटा नाही. पारखून घ्या," असं त्यानं स्वतःहून सांगितलं. आता इथं एक गोष्ट समजून घ्या. सोनझाऱ्यांची रीत अशी, की परक्याच्या काठावर पहिली काठवट मालकानं भरायची. तो त्याचा मान. आणि त्या काठवटीवर कुणी शंका घेतली, तर मालकाचा अपमान झाला. मग शंका घेणाऱ्याची चूल टोळीपासून वेगळी करायची. म्हणजे त्याच्या चुलीत कुणी विस्तव घालायचा नाही, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. रीत चांगल्या मनानं पडली होती. पण ती ज्याला ठाऊक होती त्याला वाट्टेल ते करता येत होतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही!

तर अंताजीनं धोतर खोचलं, घाटावर वाकला, आपल्या हातानं रेती भरली आणि काठवट कारूच्या पुढं ठेवली. कारूनं ती धुतली. रेती गेली, माती गेली, आणि तळ नुसता पिवळा झाला! तसला तळ टोळीतल्या म्हाताऱ्यांनीही कधी पाहिला नव्हता. बाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या, गडी नाचायला लागले. कारू तर मोरपिसांचं गाठोडं सोडायलाच बसला.

समिंद्रानं काठवटीतले दोन कण बोटावर घेतले आणि अंगठ्यानं चोळले. नदीचं सोनं पोह्यासारखं चपटं असतं, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. हे कण बोटाला टोचत होते. शिवाय तळाशी काळी रेती नावालाही नव्हती, आणि काळ्या रेतीवाचून सोनं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. पावसाळ्यात ती सोनारांच्या दुकानातली माती धुवायची. कानशीनं निघालेला सोन्याचा कीस कसा असतो ते तिला ठाऊक होतं. तिनं ते पुन्हा एकदा चोळून पाहिले. कारण त्या सगळ्या जमावात हे सोनं खरं निघावं असं तिच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं.

"थांब रे कारू," ती म्हणाली. "पहिली काठवट मालकाची झाली. दुसरी मी भरते."

नाचणारे गडी थांबले. अंताजीचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "म्हणजे? माझ्या हातावर भरवसा नाही?"

कारूनं हात जोडले. "वयनी, पाया पडतो तुझ्या, गप राह्य. तुझीच तर इच्छा होती ना जागेची? काहून आपल्याच हातानं मोडतेस?"

"माझीच इच्छा होती, म्हणून तर पाहून घेते म्हणते," समिंद्रा म्हणाली. "करा माझी चूल वेगळी. पण रेती मी भरीन."

आणि ती खाली बसली. वरवरची रेती तिनं बाजूला सारली, खाली खणत गेली, पाणी लागलं तरी खणत गेली, चिकणमाती लागेपर्यंत खणत गेली. काठवट भरली, धुतली. काही नाही! दुसरीकडं खणलं. काही नाही. तिसरीकडं, चौथीकडं. बोटं सोलून निघाली, पण पिवळा म्हणून एक कण दिसला नाही. तिनं अंताजीला चोर म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "मालक, सोनं तुमच्या हातात हाय. नदीत नाई."

अंताजीनं त्यांना सूर्य मावळायच्या आत आपल्या हद्दीबाहेर व्हायला सांगितलं. टोळी नदी ओलांडून पलीकडच्या जंगलात जाऊन बसली. आणि माणसांचं मन पाहा कसं असतं. जिनं वाचवलं तिच्यावरच राग! खोटं का होईना, डोळ्यांसमोर एक घर दिसलं होतं, ते हिनं मोडलं. तिची चूल वेगळी झाली. कारूची बायको झिपरी समोरून जाताना तोंड फिरवून जायची. समिंद्रा एकटी शिजवायची, एकटी खायची, आणि रडू आलं की नदीकाठी जाऊन बसायची.

पण ती नुसती रडत बसली नाही. सबंध पावसाळा ती काठावर बसून नदी बघत राहिली. पूर कुठून जोरात येतो, लाकडं कुठं अडतात, फेस कुठं गरगर फिरतो आणि कुठं विरतो. समोरच्या काठाला, अंताजीच्याच हद्दीत, वरच्या अंगाला एक वळण होतं. नुसते गोटे. तिथं बैल चरायला थांबत नसे की बाई कपडे धुवायला. त्या वळणावर केवढाही पूर आला तरी पाणी मंद व्हायचं. समिंद्रा मनाशी म्हणाली, नदी इथं दमते. तिनं तो पावसाळा पाहिला, मग हिवाळा पाहिला, मग पाणी उन्हाळ्यात कुठवर टिकतं तेही पाहिलं. हंगामभर पाहिल्यावाचून नदीचा काठ घ्यायचा नसतो, हे तिनंच पहिल्यांदा सांगितलं, असं म्हणतात.

मग एक दिवस भर दुपारी तिनं पदर खोचला आणि त्या वळणाच्या डोहात उडी घेतली. पलीकडच्या काठावर सगळी टोळी बघत होती. ती बुडाली ती वर येईना. पाणी शांत झालं. झिपरीनं हंबरडा फोडला. कारू छाती पिटत पाण्यात शिरला. तेवढ्यात म्हणे खाली डोहाच्या तळाशी मासे बाजूला झाले आणि नदीनं तिला विचारलं, "काय पाहिजे बाई?" समिंद्रा म्हणाली, "जागा." नदीनं पुन्हा विचारलं, "सोनं नको?" ती म्हणाली, "पोटापुरतं पुरे. जागा दे." तेव्हा तळाचा खडक दुभंगला आणि भेगेतली रेती तिच्या ओंजळीत आपण होऊन आली. खरं-खोटं नदीला माहीत. पण समिंद्रा वर आली तेव्हा तिच्या मुठीत काळीशार रेती होती, आणि ती धुतल्यावर तिच्यात कण दिसले. थोडेच. चपटे, गुळगुळीत.

त्या संध्याकाळी झिपरी विस्तव घेऊन आली आणि तिनं समिंद्राच्या चुलीत घातला. मग तिथंच बसून रडली.

कारू मात्र हरखून गेला. "वयनी, आता चूप. अंताजीला काही कळू देऊ नको. गोट्यांची जागा आहे, गोट्यांच्या भावात देऊन टाकील. त्यानं आपल्याला फसवलंच होतं ना!"

समिंद्रानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरला. "फसवून घेतलेल्या जागेत झोप लागते का रे? उद्या त्याची नातवंडं येतील आन् म्हणतील, आमच्या आजोबाले ठकवलं, उठा इथून. मग पुन्हा आपली लेकरं वाटेवर. मी नाई पुरत आता कोणाले शिवेवर."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्या टोळीला आणि आसपासच्या गावच्या जाणत्यांना घेऊन अंताजीच्या ओसरीवर गेली. काठवट त्याच्या पुढं ठेवली. "मालक, ही रेती तुमच्या वळणाची. यात सोनं हाय. थोडं हाय, पण दरसाल पूर ते आणून टाकील. नीट पाहा, तुमच्या माणसाकडून दुसरी काठवट भरून घ्या, आन् मग भाव सांगा. पण काठाबरोबर पाण्याची वाट पाहिजे, हद्दीले गोटे पाहिजेत, आन् हे सगळं या चार गावच्या माणसांदेखत पाहिजे."

अंताजी काठवटीकडं बघत राहिला. मग तिच्याकडं. "मला का सांगितलंस? मी तर तुम्हाला..."

"म्हणूनच सांगितलं," समिंद्रा म्हणाली.

अंताजी घरात गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. कारूला वाटलं, लाठीवाले येतात आता. पण आला तो एकटाच, डोक्यावर पागोटं नाही, पायात वहाणा नाहीत. तसाच सगळ्यांसमोर चालत घाटावर गेला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला, पाण्यात हात बुडवला आणि मोठ्यानं म्हणाला, "ऐका हो सगळे. त्या पहिल्या काठवटीत मी सोनाराकडचा कीस मिसळला होता. वळण मी या बाईला दिलं. पाण्याची वाटही दिली. माझ्या वंशातलं कुणी यात आडवं आलं, तर त्याला या नदीचं पाणी पचणार नाही." त्यानं भाव काय घेतला, यावर मात्र आमच्या टोल्यात अजून भांडणं होतात. कुणी म्हणतात सगळी मोरपिसं घेतली, कुणी म्हणतात एकच घेतलं आणि ते जन्मभर देवघरात ठेवलं.

तोच हा समिंद्राटोला. समिंद्रा इथंच म्हातारी झाली. तिनं त्या दोन शिवांवरची माती आणून वळणावर एका गोट्याखाली ठेवली आणि रोज संध्याकाळी तिथं दिवा लावला. पुढं एका पौषात ती डोहात उतरली आणि वर आली नाही. ती गेली नाही, नदीनं तिला घरी नेलं, असं म्हणतात.

आता वळणावर सोनं फारसं मिळत नाही. पण पौषात त्या दिवशी अजून सगळा टोला घाटावर जमतो. ज्याला वर्षभरात काही विकायचं असेल त्यानं गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याचं उणं आधी सांगायचं, अशी इथली चाल आहे. कुणी ओरडतो, "माझी गाय लाथ मारते हो!" कुणी सांगतो, "बांधी चांगली आहे, पण उन्हाळ्यात पाणी पोचत नाही!" नवरा मुलगा दाखवायचा असेल, तर त्याच्या आईनं उभं राहायचं. "पोरगं कामाचं आहे, पण घोरतं!" आणि सगळा घाट हसतो.

पण हे सगळं नंतर. त्या दिवशी पाण्यात पहिलं पाऊल कुणी टाकायचं नसतं, सगळे काठावर थांबतात. मग गर्दीतून अंताजी मालगुजाराच्या वंशातला जो कुणी थोरला असेल तो पुढं येतो. पागोटं काढतो, वहाणा काढतो, पाण्यात उतरतो. आणि दरसाल, सगळ्यांदेखत, मोठ्या आवाजात म्हणतो, "आमच्या माणसानं रेतीत सोनं मिसळलं होतं."

काठावरून सगळा टोला एका आवाजात उत्तर देतो, "समिंद्रानं पाहिलं!"

मग दिवे लागतात.