उघड्या माळावरचं कोरं कापड

समोर डोंगर आणि पायथ्याला हा सपाट माळ. एक झाड नाही, एक खोपटं नाही. चैत्रातल्या जत्रेला गावकरी वाजतगाजत चौकटीवर ताणलेलं एक कोरं कापड आणून इथे उभं करतात आणि त्याच्यापुढे नारळ फोडतात. देवीला माळ मोकळा हवा असतो, असं आमचे म्हातारे तुम्हाला सांगतील. देवीचा काही संबंध नाही. आईकडून ऐकलं ते असं.

संस्थानच्या काळात इथे दाजीबा चितारी राहायचा. तेव्हाचे चितारी देव रंगवत, नाहीतर राजे. नुसता डोंगर, गवत, आभाळ रंगवणारा या मुलखात म्हणे हाच पहिला. पाटील विचारायचे, "दाजीबा, यातला देव जेवायला गेलाय का?" तरी हा रोज माळाच्या कडेला ऊन बघत बसायचा.

माळावर कुंभारांची सात घरं होती. भट्टीच्या धुराने डोंगर झाकला जायचा, म्हणून दाजीबाने चित्रातून धूर वगळला आणि घरंही. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, असं सांगतात. मला विचाराल तर त्याच्या मनात ती माणसंच नव्हती.

चित्र राजाला इतकं आवडलं की तो जागा बघायला निघाला. गावातले शहाणे घाबरले. चित्राशी माळ जुळला नाही तर राजा गावाला खोटं ठरवेल. चित्र बदला, असं एकजणही म्हणाला नाही. आठ दिवसांत सातही घरं पाडली, भट्ट्या बुजवल्या, वर हरळी लावली. कुंभारांना सांगितलं, राजा गेला की पुन्हा बांधा.

राजा आला. राहीबाई कुंभारीण लेकरांना घेऊन रस्त्याकडेला उभी होती. दाजीबाने एक शब्द बोलावा, एवढीच तिची आशा. राजा म्हणाला, "हुबेहूब." दाजीबाने हात जोडले. माळ कायम असाच ठेवा, असा हुकूम सोडून राजा परतला.

मग दाजीबा राहीबाईकडे धावला. "घरं घालून नवं चित्र करतो, राजाला दाखवतो. तुझं दार कुठल्या अंगाला होतं?"

"वीस वर्षं समोर बसलास," ती म्हणाली. "तूच सांग."

कुंभार त्याच दिवशी गाव सोडून गेले.

दाजीबा कापड ताणून माळावर बसला. गवताची सावली कुठल्या वेळी निळी पडते ते त्याला पाठ होतं, पण एका घराचं छप्पर आठवेना. म्हाताऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, कसली घरं? त्या कापडासमोरच तो मेला म्हणे. कापडावर रेघ नव्हती. म्हाताऱ्यांनी लगेच त्या कोऱ्या कापडाला देवीचा कौल ठरवलं. सगळ्यांची सोय झाली.

आजही जत्रेत माठ विकायला बाहेरगावचे कुंभार येतात. त्यांना माळावर पाय ठेवू देत नाहीत, तापलेल्या डांबरी रस्त्यावर बसवतात. यंदा मी आजोबांना विचारलं, का? ते कापडाला हळद लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मोकळं बरं दिसतं."