डोक्याखालचा हात

समुद्राकाठच्या वेलंधर नगरीत पूर्वी अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका मल्लकुळात जन्मला. त्याचे नाव धृतिमल्ल. वयात आल्यावर तो राजाच्या आखाड्याचा आचार्य झाला. अंगाने तो धिप्पाड होता, पण चालताना त्याच्या पावलांचा आवाज होत नसे, आणि बोलण्यापेक्षा ऐकण्याची त्याला जास्त सवय होती.

राजा अरिंदम मनाने वाईट नव्हता. त्याला एकच खोड होती. प्रत्येक गोष्ट मुळात कुठून आली, हे त्याला कळायला हवे असे. पहिला भात कोणी शिजवला, पहिली होडी कोणत्या लाकडाची होती, असले प्रश्न तो जेवताना, न्यायसभेत, कुठेही विचारी. उत्तर मिळाले नाही तर त्याला अन्न गोड लागत नसे. मिळालेले उत्तर खोटे निघाले, तर सांगणाऱ्याची खैर नसे.

एकदा पश्चिमेच्या यवनांचे, म्हणजे ग्रीकांचे, एक जहाज बंदरात आले. त्यावर निकंद्र नावाचा मल्ल होता. दूर पूर्वेच्या सुवर्णद्वीपाचे एक गलबत आधीपासूनच तिथे उभे होते. त्या गलबताची राखण दायंग नावाची एक बाई करीत असे. तिचे केस पांढरे झाले होते, तोंडात सदा विडा असे, आणि तिच्यापाशी भांडण काढायला कोणी धजत नसे. एके सकाळी विहिरीवर पाण्यावरून दोन्हीकडच्या खलाशांची जुंपली. ते भांडण सोडवायला निकंद्र आणि दायंग मध्ये पडले आणि तेच एकमेकांना भिडले. निकंद्राने तिचे मनगट धरले. दायंग धरलेल्या हाताच्याच बाजूला वळली, खाली बसल्यासारखी झाली आणि तो प्रचंड माणूस तिच्या कमरेवरून जाऊन वाळूत पडला.

उठताच तो गरजला, "चोर! हा डाव माझ्या गुरूंचा आहे!"

"मग तुझ्या गुरूच्या आजीला विचार," दायंग म्हणाली, "तिने तो कुणाकडून उचलला ते."

भांडण राजापर्यंत गेले. राजाने दोघांकडून डाव करवून पाहिला आणि तो आसनावरून उठून उभाच राहिला. "हा तर आमच्या आखाड्यात रोज होतो! मधे एवढे समुद्र आहेत. तिकडे तोच, इकडे तोच. मुळात हा कुणाचा?"

सेनापती उग्रतेज पुढे झाला. "महाराज, यात शोधायचे काय आहे? विद्या आपलीच. आचार्यांनी शपथेवर तसे सांगावे. बंदराच्या वेशीवर आपण शिळा कोरू, की हातांनी लढण्याची विद्या याच नगरीत जन्मली. देशोदेशीचे राजपुत्र इथे शिकायला येतील."

राजाला ते आवडले. तो धृतिमल्लाकडे वळला. "आचार्य, असे सांगता येईल ना? सांगितलेत, तर वेशीबाहेरची आमराई तुमची, आणि आचार्यपद तुमच्या वंशात कायमचे."

"महाराज, ही विद्या कुठे जन्मली ते मला माहीत नाही," बोधिसत्त्व म्हणाला.

"मग शोधा. तोवर ही दोन्ही जहाजे शीड उभारणार नाहीत."

"शोधतो. पण उत्तर आपल्या सोयीचे निघेलच असे नाही."

त्याने निकंद्राला आणि दायंगला आपल्या आखाड्यात राहायला नेले. बंदरावर सगळ्यांना कळणारी एक मिसळलेली बोली होती. तिच्यात तिघे बोलत. निकंद्राने सांगितले, की त्यांच्या डोंगरांत एका मेंढपाळाने दोन एडक्यांची टक्कर पाहिली आणि त्यावरून हा डाव बसवला. दायंगच्या बेटावर वेगळी गोष्ट होती. एक कोळीण खडकावर बसली होती. खेकडा येणाऱ्या लाटेला अडवत नाही, तिरपा होऊन तिला जाऊ देतो, हे तिने पाहिले आणि तिथून ही विद्या आली. बोधिसत्त्वाच्या आखाड्यात मात्र असे सांगत, की एका ऋषीला हे सारे डाव स्वप्नात दिसले.

तिन्ही गोष्टी ऐकून बोधिसत्त्वाने विचारले, "निकंद्रा, त्या मेंढपाळाला डाव सुचला. त्याने तो करून कुणावर पाहिला?"

"कुणावर म्हणजे? शत्रूवर."

"नवा डाव पहिल्यांदा नेहमी फसतो. माझ्याकडे नवीन आलेला कोणीही पहा. शत्रूवर फसला असता तर मेंढपाळ मेला असता. मग तो तुझ्या गुरूंपर्यंत पोचला कसा?"

दायंग विडा चघळायची थांबली. "खेकड्याचेही तसेच आहे," ती सावकाश म्हणाली. "हे मी आईला कधी विचारलेच नाही."

त्यानंतर तिघांना एक छंदच लागला. सकाळी ते मातीत उतरत आणि एकेक डाव ताडून पाहत. कुठे पाय वेगळा पडे, कुठे श्वास सोडण्याची वेळ वेगळी असे. निकंद्र मूठ आवळून धरी, तर दायंगची बोटे सैल असत. आपलेच अंग परक्याच्या अंगात पाहिल्यासारखे त्यांना वाटे. बोधिसत्त्वाला यात इतका आनंद झाला, की आमराईची आठवणही त्याला राहिली नाही. तरी विद्या कुठली, याचे उत्तर काही मिळेना.

राजाचा धीर सुटला. उग्रतेजाने ते ओळखले आणि तो म्हणाला, "महाराज, माणसे खोटे बोलतील, झुंज खोटे बोलत नाही. माती नको, राजवाड्याच्या दगडी अंगणात आचार्य आणि निकंद्र यांची झुंज लावा. एक जण उठेनासा होईपर्यंत ती चालू द्या. जो उरेल, त्याचा देश पहिला."

राजा क्षणभर घुटमळला. पण कुतूहलाची भूक मोठी होती. त्याने आज्ञा दिली. निकंद्राला सांगण्यात आले, की जिंकलास तर जहाज घेऊन घरी जा.

"उरलेल्याशी मग मी लढेन," दायंग राजाला म्हणाली. "तोवर तुमची हौस फिटली नसेल तर."

झुंजीच्या दिवशी अंगण माणसांनी भरले. निकंद्राचे खलाशी एका कडेला दाटीने उभे होते. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी तान्ही मुले होती. निकंद्राने त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घालून तो बोधिसत्त्वावर धावून आला. बराच वेळ कोणी कुणाला हटवू शकले नाही. मग निकंद्राचा पाय गुळगुळीत दगडावर किंचित सरकला. तेवढे बोधिसत्त्वाला पुरे होते. मनगट, वळण, कमर, आणि निकंद्र हवेत उलटा झाला. डोके दगडाकडे होते. नुसते सोडून दिले असते तरी काम झाले असते.

पण बोधिसत्त्वाचा डावा हात पुढे गेला आणि निकंद्राच्या डोक्याखाली आला. डोके दगडावर आपटले नाही, तळव्यावर टेकले.

"थांबा!" दायंग ओरडली. ती गर्दीतून अंगणात आली होती. "हा हात! माझी आई मला पाडताना अस्साच हात खाली घालायची!"

उताण्या पडलेल्या निकंद्राचे डोळे मोठे झाले. "माझे गुरूसुद्धा," तो म्हणाला.

बोधिसत्त्वाने आपल्या हाताकडे पाहिले. हजारो वेळा शिष्यांच्या डोक्याखाली गेलेला तो हात त्याने आजवर कधी नीट पाहिलाच नव्हता.

उग्रतेज संतापला. "महाराज, आचार्य फितले! हाताशी आलेला विजय यांनी सोडला."

"महाराज," बोधिसत्त्व म्हणाला, "मला काहीतरी सापडले आहे. ते खरे की खोटे, याची परीक्षा माझ्यावरच होऊ द्या." तो निकंद्राकडे वळला. "आता तू मला पाड. मी अडवणार नाही. तुझी माणसे तिथे उभी आहेत. त्यांना घरी न्यायचे आहे, हे ध्यानात ठेव आणि मनात माया आणू नकोस."

त्याला भीती वाटली नाही असे नाही. दगड तापलेला होता आणि तो चांगलाच टणक होता. पण सापडलेले खरे की खोटे हे जाणून घेण्याची इच्छा भीतीहून मोठी होती, आणि या अंगणात पुन्हा कुणाला मरायला उभे करू नये, ही इच्छा त्याहून मोठी होती.

निकंद्राने त्याचे मनगट धरले. ओठ घट्ट मिटून त्याने सारे बळ लावले आणि बोधिसत्त्वाला कमरेवरून दगडावर फेकले. लोकांनी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा बोधिसत्त्व उताणा होता आणि श्वास घेत होता. त्याच्या डोक्याखाली निकंद्राचा हात होता. बोटांची कातडी सोलवटून रक्त आले होते.

"मी हात मागे घ्यायला गेलो होतो," निकंद्र रडवेल्या आवाजात म्हणाला. "तो ऐकेना."

राजा स्वतः पायऱ्या उतरून आला. "आचार्य, हे काय आहे?"

बोधिसत्त्व उठून बसला. "महाराज, मारामारी सगळीकडेच आहे, ती कुणाला शिकवावी लागत नाही. पण जिथे हरलेला मरतो, तिथे दुसऱ्या दिवशी कोण काय शिकणार? कुणीतरी प्रथम पडणाऱ्याच्या डोक्याखाली हात घातला आणि म्हटले, ऊठ, पुन्हा कर. विद्या त्या क्षणी सुरू झाली. पाडणारा बाप असेल, बहीण असेल, सोबती असेल. शत्रू नक्कीच नव्हता."

"पण कुठे? कोणत्या देशात?"

"ते मला माहीत नाही. कदाचित एकाच ठिकाणी, कदाचित अनेक ठिकाणी. जिथे जिथे माणसाला माणूस हवासा वाटला, तिथे. गाव सांगून आमराई घेता आली असती, पण ते खोटे झाले असते."

उग्रतेज म्हणाला, "मग शिळेवर काय कोरायचे?"

राजाने शिळा कोरण्याचा बेत सोडून दिला. मरणाची आज्ञा आपण दिली होती, हे आता त्याच्या ध्यानात आले आणि त्याची मान खाली गेली. त्याने निकंद्राच्या हाताला स्वतः पट्टी बांधली. दोन्ही जहाजांना जाण्याची मोकळीक दिली, आणि राज्यात मरेपर्यंतची झुंज कधी लावायची नाही, अशी दवंडी पिटवली. दायंग जाताना बोधिसत्त्वाला म्हणाली, "बेटावर परतले की खेकड्याची गोष्ट सांगेनच, चांगली आहे. पण तिच्यामागून ही पण सांगेन."

जहाजे गेल्यावर एके सकाळी राजा आखाड्यात आला. त्याने मुकुट आणि उत्तरीय सेवकाकडे दिले आणि तो मातीत उतरला. "आचार्य, मला पाडा," तो म्हणाला. "पडताना कसे वाटते ते मला पाहायचे आहे."

बोधिसत्त्वाने त्याला पाडले. राजा थोडा वेळ तसाच आकाशाकडे पाहत पडून राहिला. मग तो धूळ न झटकताच उठला आणि हसून म्हणाला, "पुन्हा."

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा जेतवनात सांगितली. ध्यानाची एक रीत प्रथम कोणाच्या गुरूंनी शिकवली, यावरून भिक्षूंमध्ये वाद माजला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, मूळ विचारून विचारून सर्वांना जागे ठेवणारा ज्येष्ठ भिक्षू, स्थविर विमलकेतू, तो त्या वेळी राजा अरिंदम होता. सेनापती उग्रतेज म्हणजे वाद पेटवणारा भिक्षू कंडक. निकंद्र म्हणजे आज कंडकाशी अबोला धरून बसलेला भिक्षू पोट्टिल, आणि दायंग ही भिक्षुणी सुलसा. मल्लाचार्य धृतिमल्ल मीच होतो." हे ऐकून कंडक उठला आणि पोट्टिलाजवळ जाऊन बसला. त्या जन्मात बोधिसत्त्वाने बुद्धत्वाकडे नेणारी जी पारमिता पूर्ण केली, तिचे नाव मैत्री.