सायलेन्सरवरची पाकळी

“म्हणजे ट्रॅक्टर चालू झाला, की मंत्र देणार ना?”

भिकनबुवा झेंडूचा हार ओवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“देईन म्हटलंय ना.”

“आज होणार बुवा. आजच.”

“बरं.”

विचारणारे ते वाखारेसाहेब. सरकारी इंजिनिअर होते, रिटायर झाले आणि मोरदऱ्याच्या टेकडीवर, बुवांच्या मठात यायला लागले. आले की मंत्र मागायचे. बुवा नुसते हसायचे. मग एकदा त्यांनी चिंचेखाली बोट दाखवलं. तिथं मठाचा जुना डिझेल ट्रॅक्टर उभा होता. बावीस वर्षं उभाच. सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.

“तो चालू कर. मग बघू.”

साहेबांना आधी राग आला. मग नाद लागला.

दोन वर्षं, दर रविवारी. एकेक बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचा, चिंधीला नंबर घालून बांधून ठेवायचा. हात कोपरापर्यंत काळे. त्यांची बायको म्हणायची, “मंत्र राहू द्या, आंघोळ तरी करून येत जा.” रंगसुद्धा त्यांनी स्वतःच्या हातानं दिला, तांबडा. चाकाच्या मधल्या ताटलीला पिवळा.

तो ट्रॅक्टर तरुणपणी बुवाच चालवायचे. मठाचं सगळं पडीक रान त्यांनीच त्याच्यावर मोडलं होतं. हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

“सगळं नवं बसवलंस?” बुवांनी दोऱ्यात फूल ओवलं.

“झिजलेलं सगळं.”

“आणि ऑइलच्या दाबाचा काटा?”

“तो जुनाच आहे. तीनदा तपासला मी. सगळ्या गाडीत एकदम खरा म्हणाल तर तो काटा.”

“खरा आहे ना?”

“शंभर टक्के.”

“मग झालं.” बुवांनी गाठ मारली आणि हार पुढं केला.

सकाळी दहापर्यंत अर्धं गाव वर चढून आलं. बॉनेटवर हार पडला, नारळ फुटला. साहेब सीटवर चढले आणि त्यांनी चावी फिरवली.

बॅटरी टर्र टर्र करून गप्प झाली.

पुन्हा फिरवली. टर्र... आणि तेही नाही.

पुढच्या रांगेत ठकूबाई होती. तिच्याच कोंबड्या त्या सीटवर बसायच्या. ती म्हणाली, “सायेब, कोंबड्या परत बोलवू का?”

लोक पोट धरून हसले. साहेबांचे कान ट्रॅक्टरसारखे तांबडे झाले.

“ढकला!” ते ओरडले. “पुढून ढकला. मागं उतार आहे, घरंगळू द्या.”

ट्रॅक्टरचं तोंड मठाकडं होतं, पाठ उताराकडं. सहा गडी पुढून भिडले. साहेबांनी क्लच दाबला आणि हाताला आला तो गिअर टाकला. रोज पुढं जायला टाकतात तोच. ट्रॅक्टर मागं निघाला, वेग आला, आणि त्यांनी क्लच सोडला.

एक हिसका बसला. मागची चाकं फरफटली.

आणि इंजिन धडधडलं!

साहेबांनी गिअर काढला, ब्रेक दाबला. ट्रॅक्टर उतारावर थांबला, इंजिन मात्र चालूच. टाळ्या पडल्या. ठकूबाईनंसुद्धा पदराखालून हात काढून दोन वाजवल्या. साहेब सीटवर उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, ते पुसायचंही त्यांना सुचेना.

“बुवा! चालू झाला! शब्द दिला होतात!”

बुवा हळूहळू उतार उतरत आले. जवळ येऊन उभे राहिले आणि ऐकत राहिले. बॉनेटच्या फटीतून काळा धूर येत होता.

“धूर कुठून येतोय?”

“रंग ताजा आहे बुवा. जळतोय थोडा.”

“असं होय.”

बुवांनी वाकून काट्याकडं पाहिलं. काटा शून्यावर होता.

“आणि हा?”

“काटा? तो बिघडला असेल. जुनाच आहे ना तो.”

 बुवांनी बॉनेटवरच्या हारातून एक पाकळी खुडली. हात उंच केला आणि ती उभ्या सायलेन्सरच्या तोंडाशी धरली.

लोकांना वाटलं, पूजा चाललीय. पुढच्यांनी हात जोडले.

बुवांनी बोटं सोडली.

पाकळी उडाली नाही. ती आत गेली.

साहेबांनी ती जाताना पाहिली.

ज्या नळीनं धूर बाहेर फेकायचा, ती आत ओढत होती. गाडी मागं घरंगळत होती आणि गिअर पुढचा होता, म्हणून इंजिन उलटं फिरायला लागलं होतं. हवा घ्यायच्या वाटेनं धूर सोडत होतं. उलटं फिरलं की तेल वर चढत नाही. काटा शून्यावर होता, कारण तेल शून्यच होतं. आणखी दोन-चार मिनिटं, आणि दोन वर्षांचे सगळे रविवार आतल्या आत घासून गेले असते.

हे साहेबांना कळलं. बुवा सोडले तर तिथल्या दुसऱ्या कुणाला कळलं नाही.

बुवांनी तोंड उघडलं नाही. हातही पुढं केला नाही. ते एका बाजूला जाऊन दगडावर बसले.

टाळ्या अजून चालूच होत्या. कुणीतरी गुलाल आणायला पळालं होतं. बॅटरी मेलेली. आता बंद केला तर लोकांदेखत पुन्हा चालू होईल की नाही, देव जाणे. आणि बुवांनी शब्द दिला होता तो चालू होण्याचा. सरळ चालू, उलटा चालू, असं काही ठरलं नव्हतं.

साहेबांनी गर्दीकडं पाहिलं. मग बुवांकडं.

बुवा पायातला काटा बघत होते.

इंजिन धडधडत होतं...

स्टिअरिंगखाली इंजिन बंद करायचा स्टॉपर होता, काळ्या गोल मुठीचा. साहेबांनी तो धरला आणि ओढला.

इंजिनानं दोन आचके दिले. मग टेकडीवर एवढी शांतता पसरली, की मठातल्या गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू आली.

“काय झालं?” ठकूबाईनं विचारलं. “मेला का परत?”

“मी बंद केला.”

“का हो? चांगला चालला होता की!”

 खोटं बोलायला हजार जागा होत्या. बॅटरीवर ढकलता आलं असतं, डिझेलवर ढकलता आलं असतं.

“उलटा फिरत होता,” ते म्हणाले. “माझ्या हातानं गिअर चुकीचा पडला.”

“इंजिनिअर असून?”

“इंजिनिअर असून.”

कुणीतरी फिसकन हसलं. एक जण म्हणाला, “एवढ्यासाठी टेकडी चढलो होय!” गुलालवाला तेवढ्यात परत आला आणि ताट घेऊन तसाच उभा राहिला. लोक पांगायला लागले. ठकूबाई नारळाचा तुकडा चघळत तिथंच थांबली.

साहेब सीटवर बसूनच होते. बऱ्याच वेळानं बुवा उठून जवळ आले.

“मंत्र नको मला, बुवा,” साहेब म्हणाले. मान खाली. “आता मागणारही नाही. माझी लायकीच नाही. हा ट्रॅक्टरही राहू दे असाच, चिंचेखाली. मी पुन्हा हात लावणार नाही.”

“मंत्र तर दिला.”

साहेबांनी वर पाहिलं.

“कधी?”

बुवांनी साहेबांच्या उजव्या हाताकडं पाहिलं. बोटं काळ्या मुठीवर आवळलेली होती. स्टॉपर अजून ओढलेलाच होता.

“आता तो आत ढकल,” बुवा म्हणाले. “असा धरून बसलास, तर जन्मात चालू व्हायचा नाही.”